कारण विचारायचं नाही

झेन्सव्हिलचा पूल तीन टोकांचा आहे.
पत्ता विचारला तर लोक सांगतात,
पुलाच्या मधोमध जा आणि डावीकडे वळा.
नवखा हसतो, मग खरंच वळतो.

पुलापलीकडे आमची लायब्ररी.
चौदा संगणक, त्यातला एक कायम बंद.
मी खालच्या मजल्यावर, मंगळवार ते शनिवार.

नियम एका पानाचा, लॅमिनेट केलेला:
सरकारी अनुदान हवं तर चाळण लावा.
मोठ्या माणसाने सांगितलं तर काढून द्या.
कारण विचारायचं नाही.
शेवटचं वाक्य ठळक अक्षरात.
पहिल्या दिवशी मला वाटलं, किती सभ्य देश.

पण सांगायला उठावं लागतं.
कोट खुर्चीवर ठेवून
माझ्यापुढे येऊन म्हणावं लागतं,
जरा उघडून द्याल का?
आणि मागे टॅक्सचे फॉर्म घेऊन उभी असते
चर्चमधली बाई, मुलाची जुनी टीचर.
मी कारण विचारत नाही.
रांग विचारते.

ऑर्व्हिल स्टँपर, टाइल्सच्या कारखान्यात अडतीस वर्षं,
तीनदा उठला, तीनदा बसला,
चौथ्यांदा थेट दाराबाहेर गेला.
पडद्यावर लाल पट्टी तशीच:
प्रवेश नाही. वर्ग: प्रौढ.
वर त्याने एका बोटाने लिहिलेला शब्द,
प्रोस्टेट, स्पेलिंग चुकलेलं.
सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस.
अजून किती प्रौढ व्हायचं त्याने?

मी सरसकट चाळणीविरुद्ध नाही.
मुलांच्या कोपऱ्याशेजारी बसून
एकजण जे बघत होता, ते डोळ्यांतून जायला
मला दोन आठवडे लागले.
पण पीठ चाळणाऱ्या बाईचे हात तरी दिसतात,
कोंडा कुठे गेला हेही तिला विचारता येतं.
यादी कोण करतं, मी लोरेटाला विचारलं.
लोरेटाने कंपनीला विचारलं.
कंपनीने कळवलं, यादी हे आमचं व्यापारी गुपित.
म्हणजे काय झाकलंय, तेही झाकलेलं.

एकदा बंद करायच्या वेळी माझंच काम निघालं.
इंग्रजीत लिहिलं: लाल पट्टी.
सवयीने देवनागरीत लिहिलं, स्तनातली गाठ.
पट्टी आली नाही.
सोलापूरच्या कुणा डॉक्टरीणबाईंचा लेख,
सविस्तर, आकृत्यांसकट,
शेवटी "घाबरू नका, पण उशीरही करू नका."
बरं वाटलं. बसमध्ये मग थोडं लागलंही:
आठ कोटींहून जास्त माणसं बोलतात ती माझी भाषा
इथे कुणाला धोक्याची वाटत नाही.

(गाठ साधी निघाली. कारण विचारायचं नाही.)

डेलेनी सोळाची. तिच्यासाठी चाळण निघत नाही,
कितीही मऊ आवाजात सांगितलं तरी.
तिने पडदा माझ्याकडे वळवला, बोलली नाही.
मी तिला सहाशेच्या शेल्फपाशी नेलं.
पुस्तकाच्या जागी फट होती, बोटभर रुंद.
कुणीतरी मार्चमध्ये नेलंय, परत केलेलं नाही.
दुसऱ्या गावाहून मागवते, म्हणाले, आठ दिवस.
ती म्हणाली, आठ दिवस नाहीत.
तेवढंच. बॅग उचलली.
मी काचेतून पाहत राहिले
ती पुलावर कुठल्या टोकाकडे वळते ते.
मध्ये ट्रक आला.

शनिवारी ऑर्व्हिल पुन्हा आला, टोपी हातात.
माझ्यामागे रांग सुरू झाली होती.
तो तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणाले, नऊ नंबर.
सकाळी दार उघडायच्या आधीच
नऊ नंबरची चाळण मी काढून ठेवली होती.
नियम म्हणतो, सांगितलं तर.
चार दिवसांपूर्वी रिकाम्या खुर्चीने सांगितलेलं
धरायचं की नाही, ते लिहिलेलं नाही.

कुठेशी आहे नऊ? त्याने विचारलं.
मधल्या वाटेने जा, म्हटलं,
आणि डावीकडे वळा.